‘ऐकत नाही’

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल थांबते. मध्ये मुलगा, मागे आई, आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. आई उतरते, मुलगा उतरतो. वडील गाडी बंद करत नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून तसेच बसून राहतात.

“तुम्ही पण आत या की,” मी म्हणते.

“न्हाई बाई, जरा घाईत हाय. ही सांगंल सगळं.”

आत आल्यावर आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “पोरगं ऐकत न्हाई बघा.”

मी १९९९ पासून हे वाक्य ऐकते आहे. तेव्हा मी नुकताच विशेष शिक्षणाचा डिप्लोमा पूर्ण करून वडगाव भागातल्या एका निवासी शाळेत रुजू झाले होते. वाठारला हायवे सोडला की दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि मग आमचं पेठ वडगाव. गाव बाजाराचं, त्यातही जनावरांच्या बाजाराचं. सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी इथं आहे, ती बघायला बाहेरची माणसं येतात. आमच्या शाळेकडे मात्र बाहेरचं माणूस वाट चुकूनच येतं. भादोले, मिणचे, लाटवडे, अंबप, घुणकी अशा आसपासच्या गावांतून आमच्याकडे मुलं येतात. लहानपणीच डॉक्टरांनी निदान केलेली मुलं वेगळी, त्यांच्या आयांना काय करायचं ते बरंचसं ठाऊक असतं. मला लिहायचं आहे ते बारा ते सोळा या वयात येणाऱ्या मुलांबद्दल. ती साध्या शाळेतून येतात, आठ-नऊ वर्षं वर्गात बसून येतात आणि येताना जे बरोबर घेऊन येतात ते कुठल्याच तपासणीच्या कागदावर नसतं.

यातली निम्म्याहून जास्त मुलं नववीची असतात. का, ते समजायला मला चार-पाच वर्षं लागली. आठवीपर्यंत मूल वर सरकत राहिलं. पूर्वीही सरकायचं, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाल्यावर तर, महाराष्ट्रात २०२३ मध्ये बदल होईपर्यंत, आठवीपर्यंत कुणाला नापास करायचंच नाही असा नियम होता. त्यामागचा हेतू चांगला होता. नापासाच्या शिक्क्यानं मुलं घरी बसतात हे खरंच आहे. पण मूल वर सरकताना त्याला वाचता येतं का, हे बघण्याची जबाबदारी कुणाच्याच वहीत नोंदली गेली नाही. दहावीचा निकाल फलकावर लागतो, म्हणून चाळण लागते नववीला. पालकांना बोलावून सांगतात, “याला पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं बसवा.” सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी परीक्षार्थी. ज्याला वर्गात बसून जमलं नाही त्यानं घरी बसून दहावी करायची. महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी त्यांना आमच्या शाळेचं नाव सांगतं.

याचा मला राग येतो, तो मी लपवत नाही. याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही मोठी रक्कम होती. त्या दंडामागं एक विचार होता : मूल शाळेबाहेर राहिलं तर ते कुणाला तरी भरून द्यावं लागलं पाहिजे. नववीत हलकेच बाहेर काढलेल्या मुलासाठी आज कुणीच काही भरत नाही. भरतं ते मूल.

२००१ सालची एक गोष्ट सांगते. ती आठवली की अजून माझा हात थरथरतो. पंधरा वर्षांचा मुलगा आला होता, उंच, नुकत्याच मिशा फुटलेला. त्या दिवशी त्याचे वडीलही आत आले, याचा मला आनंद झाला होता. मी नवी होते, शिकलेलं सगळं नीट वापरायचं होतं. मुलाचा स्तर कळावा म्हणून तिसरीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, “वाच बघू.” त्यानं पहिली ओळ धरली. तिसऱ्या शब्दाला अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडला. वडील खुर्चीतून उठले आणि माझ्यासमोर त्याच्या कानशिलात मारली. “आठ वर्षं फी भरली, डबा भरला, आणि तिसरीचं येत न्हाई?” मुलगा रडला नाही. त्यानं पुस्तक बंद करून टेबलावर ठेवलं, अगदी नीट, कडेला कड लावून.

मारलं वडिलांनी. पण ते पुस्तक मी दिलं होतं. तो मुलगा दोन वर्षं आमच्याकडे राहिला, सुतारकाम चांगलं शिकला, दुसऱ्या एका सरांजवळ थोडं वाचायलाही शिकला. माझ्यासमोर त्यानं कधीही पुस्तक उघडलं नाही. मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून प्रवेशाच्या दिवशी मी मुलाच्या हातात पुस्तक, पेन्सिल, पाटी काहीच देत नाही. पहिले तीन आठवडे लिहिण्या-वाचण्याची तपासणी नाही. कागदपत्रं आईकडून घेते, मुलाला कामाला पाठवते. पाण्याचे कॅन टाकीपासून स्वयंपाकघरात न्यायचे असतात, शेवग्याच्या शेंगा काढायच्या असतात, झोपाळ्याची साखळी घट्ट करायची असते. नव्या पालकांना हे विचित्र वाटतं. एका आजींनी स्पष्ट विचारलं होतं, “पोराला शिकाय घातलंय का राबाय?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितलं ते असं. सतत हलणारं, बाकावरून उठणारं, दुसऱ्याला ढकलणारं मूल खांद्याला आणि मनगटाला जोर लागेल असं काम केल्यावर पंधरा-वीस मिनिटं स्थिर बसू शकतं. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी मला हे शिकवलं. मोठ्या शहरातल्या केंद्रात त्यासाठी वजनाची जाकिटं आणि टांगते झोपाळे असतात. आमच्याकडे कणकेची परात आहे. पन्नास मुलांची कणीक तिंबणं हा फार चांगला उपचार आहे. आणि कणीक तिंबताना कुणी कुणाला ‘तुला किती टक्के’ असं विचारत नाही.

टक्क्यांवरून आठवलं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी असते. सवलतींसाठी ती चाळीस किंवा त्याहून जास्त लागते. ते कार्ड आलं की घरात गोंधळ होतो, कारण आपल्याकडे शाळेच्या संदर्भात टक्के म्हणजे मार्क. एका मुलानं सुट्टीत गल्लीतल्या पोरांना सांगितलं, “मला साठ टक्के पडले.” आयुष्यात पहिल्यांदा त्याला साठ टक्के पडले होते. त्याच्या आईनं मला विचारलं, “त्याला खरं सांगू का बाई?” मी तेव्हा काय उत्तर दिलं ते नक्की आठवत नाही. आज विचारलं तरी लगेच उत्तर देता येणार नाही.

बुद्ध्यांक काढतात तो बहुतेक वेळा बिने-कामत चाचणीनं. मूळ चाचणी परदेशी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. म्हणजे हे माप आपल्याच भागातल्या मुलांवर बेतलेलं आहे, याचं मला नेहमी समाधान वाटतं. मानसशास्त्रज्ञ येतात, मुलासोबत बसतात, आकडा देतात. आकडा कामाचा असतो. पण चाचणी कोणत्या दिवशी घेतली, मूल जेवलं होतं का, रात्री फिट आली होती का, समोरच्या माणसाची त्याला भीती वाटत होती का, हे आकड्यात दिसत नाही. मी दर फाईलमध्ये आकड्याखाली या गोष्टी पेननं लिहून ठेवते. हा माझा स्वतःचा रिवाज, नियमात नाही.

आता ‘ऐकत नाही’ची गोष्ट.

चौदा वर्षांचा मुलगा होता. तक्रारींची यादी लांबलचक : सांगितलेलं करत नाही, हाक मारली तर वळत नाही, उलट उत्तर देत नाही पण हसतो, आणि हसतो म्हणून मार खातो. कशालाही ‘हो’ म्हणतो आणि जागचा हलत नाही. उंच म्हणून वर्गात शेवटच्या बाकावर बसवलेला. आम्ही त्याला प्रवेश दिला. सौम्य मतिमंदत्व आणि वर्तनसमस्या असं फाईलवर लिहिलं गेलं. लिहिताना मीही तिथं होते.

ऑगस्ट संपत आला होता. स्वयंपाकघरातल्या मावशी मला म्हणाल्या, “बाई, तुमचं ते नवं पोरगं. काल माझ्या हातनं पातेलं पडलं, सगळी पोरं दचाकली. हे एकटं भात खात बसलं हुतं.” मी त्याच्या वर्गात गेले. हजेरीपट तोंडासमोर धरला आणि त्याचं नाव घेतलं. त्यानं पाहिलं नाही. हजेरीपट खाली घेऊन तेच नाव त्याच आवाजात घेतलं. लगेच वळून म्हणाला, “हो.”

तो ओठ वाचत होता. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याचा कान फुटत होता, पू यायचा, घरी तेल सोडायचे. एका कानाच्या पडद्याला मोठं भोक होतं, दुसऱ्या कानाला निम्म्याहून कमी ऐकू येत होतं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याच्यासाठी वर्ग बंद व्हायचा. ज्याला ऐकूच येत नव्हतं, त्याला आठ वर्षं ‘ऐकत नाही’ म्हणून मारलं गेलं. मराठीनं या दोन गोष्टींना एकच क्रियापद दिलं आहे, आणि त्या एका शब्दाच्या पोटात हे मूल हरवलं होतं.

आणि तीन महिने आम्हीही त्याला चुकीच्या शाळेत ठेवलं होतं. सगळे शिकलेले लोक आम्ही, आणि पातेल्याचा आवाज मावशींना दिसला. त्याचा प्रवेश आम्ही रद्द केला. कानाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या कानाला यंत्र बसलं आणि तो साध्या शाळेत पुन्हा आठवीला बसला, पहिल्या बाकावर. मूल गेलं की पट कमी होतो. पट कमी झाला की मान्यता, पदं, अनुदान, सगळ्याची चिंता सुरू होते. तरी तो दाखला मी फार आनंदानं लिहिला. तेव्हापासून आमच्याकडे प्रवेश पक्का करण्याआधी प्रत्येक मुलाचे कान आणि डोळे तपासून आणायचे, असा नियम झाला. दोन वर्षांत आणखी दोन मुलं या नियमामुळे आमच्या शाळेतून सुटली. सुटली, हाच शब्द बरोबर आहे.

ज्या मुलांचे कान-डोळे उत्तम, बुद्धीही उत्तम, आणि तरी वाचता येत नाही, त्यांची गोष्ट निराळी. अध्ययन अक्षमता हा शब्द २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. त्याआधी २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द वडगावातल्या घराघरात पोचला. या सिनेमाचे उपकार आहेत. पण एक ओझंही आलं. पालक विचारू लागले, “ह्याच्यात पण काहीतरी दडलेलं असंल न्हवं बाई? चित्रं काढंल का?” बहुतेक मुलांमध्ये तसं काही दडलेलं नसतं. ती साधी मुलं असतात, त्यांना साधं वाचायला यायला हवं असतं. तेवढ्यासाठीही त्यांच्यावर मेहनत घ्यायला पाहिजे, असामान्य गुण सापडण्याची वाट न बघता.

आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते असं आपण अभिमानानं म्हणतो. ते बरंचसं खरं आहे. पण अडणाऱ्या मुलाजवळ बसून बघा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. ‘र’ तर चार वेश घेतो : ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाला चिकटतो, ‘ट्रक’मध्ये खाली तंबू ठोकतो आणि ‘तऱ्हा’मध्ये ओळखूच येत नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ बघून आत कोणती अक्षरं आहेत हे कुणालाही सांगता येणार नाही. आणि संख्या! आपण ‘सत्तावन्न’ म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र पाच आधी. ज्या मुलाच्या डोक्यात क्रम टिकत नाही ते ७५ लिहितं आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ अशी पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. भाषा बुडाली, असं लोक म्हणाले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपं पडावं म्हणून ही जोड दिली आहे. मी तेव्हा वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसले होते. लिहून झालं नाही. आज वाटतं, लिहायला हवं होतं, कारण त्या वादात ७५ लिहिणाऱ्या मुलांच्या बाजूनं बोलणारं फारसं कुणी नव्हतं.

ती अडचण मला एका तेरा वर्षांच्या मुलानं पूर्वीच सोडवून दाखवली होती. हा मुलगा बाजाराच्या दिवशी हमखास गायब असायचा. त्याचे आजोबा जनावरांच्या बाजारात हेडी होते, सौदे जुळवायचे. दोनदा दांडी झाल्यावर मी बाजारातच गेले. पोरगं एका खोंडाचं तोंड उघडून दात बघत होतं. “चार दाती हाय, बाई,” म्हणालं, मी काही विचारायच्या आधीच. मग शेजारचं दाखवलं, “ह्यो आदत. आन् त्यो पांढरा जुळलेला, शेतकरी सहा दाती सांगतोय पण जुळलाय.” आजोबा हसत होते. ज्या मुलाला माझ्या वर्गात दहाच्या पुढचे अंक जुळवता येत नव्हते, ते जनावराचं वय दातांवरून सांगत होतं आणि खोटं पकडत होतं.

बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून सांगतात, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला कळू नये म्हणून. हा मुलगा आजोबांबरोबर ते करायचा. दुसऱ्या दिवशी मी वर्गात टॉवेल घेऊन गेले. टॉवेलखाली त्याची पाच बोटं धरली : “हे दहाचे.” मग सोडून सात बोटं धरली : “हे सुट्टे.” त्यानं ५७ लिहिलं. तोंडानं अजून काही बोललोच नव्हतो. बोलणं आम्ही फार नंतर आणलं, दिवाळीच्या सुट्टीनंतर, जेव्हा हात आणि कागद यांचं एकमेकांशी जमलं होतं. मग ‘सत्तावन्न’ ऐकलं की तो आधी टॉवेलखालची बोटं आठवायचा.

तो फार पुढे शिकला नाही, हेही सांगायला हवं. वाचन एसटीच्या पाट्यांपर्यंत आलं आणि थांबलं. आज तो गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ लिटर आणि फॅट वहीत लिहितो. त्याच्या वहीत चूक निघत नाही.

मुलींबद्दल लिहिताना पेन अडतं. किशोरवयात आमच्याकडे येणाऱ्या मुलग्यांच्या मानानं मुली फार कमी, आणि त्या कमी असतात म्हणून येत नाहीत असं नाही. पाळी सुरू झाली की त्यांना घरातून बाहेर पाठवतच नाहीत. ज्या आया घेऊन येतात त्यांच्या मनात एकच धास्ती असते. दार लोटून, आवाज खाली आणून विचारतात, “बाई, पिशवी काढून टाकली तर?” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून कडक शब्द गेले आणि ती आई पुन्हा आली नाही. तिच्या मुलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला, तेव्हा मी शिकत होते. आम्ही मुलींनी निषेधाची पत्रकं वाटली होती. पण पत्रक वाटणं सोपं असतं. पहाटे तीनला उठून सोळा वर्षांच्या मुलीचे कपडे बदलणाऱ्या, दिवसा परक्याच्या शेतात भांगलायला जाणाऱ्या बाईसमोर बसून तिच्या प्रश्नाला उत्तर देणं वेगळं.

आता मी उत्तर देत नाही, शिकवायला घेते. बाहुलीवर, मग लाल शाई लावलेल्या कापडावर, मग स्वतःवर. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर बिंदी चिकटवायची. घडी कशी करायची, कागदात कशी गुंडाळायची, हात कसे धुवायचे, आणि कुणीही हात लावला तर कुणाला सांगायचं. एका मुलीला हे जमायला चौदा महिने लागले. पंधराव्या महिन्यात आई आली, कार्यालयात बसली, आणि काहीच न बोलता बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, “रात्री झोपले बाई मी.”

फिट येणाऱ्या मुलांचे पालक आधी देवऋषाकडे जाऊन आलेले असतात. अंगारा, दोरा, पौर्णिमेच्या वाऱ्या. मी पूर्वी वाद घालायची. आता नाही घालत. नरसोबाच्या वाडीला जा, जोतिबाला जा, फक्त गोळी चुकवू नका, एवढंच सांगते. देवानं गोळी बंद करायला सांगितलेलं नाही, यावर आमचं एकमत होतं. गोळी चुकली की काय होतं हे मला २०१९ च्या ऑगस्टनं दाखवलं. उत्तरेला वारणा फुगलेली, दक्षिणेला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलेलं, रस्ता काही दिवस बंद. आमची औषधं कोल्हापूरहून यायची. दोन मुलांच्या फिटच्या गोळ्या तीन दिवसांच्या उरल्या होत्या. वडगावातल्या सगळ्या औषध दुकानांत मी स्वतः फिरले. एकाकडे अर्धी पाकिटं निघाली, दुसऱ्यानं आपल्या घरच्या रुग्णाच्या साठ्यातून दिली. तेव्हापासून प्रत्येक मुलाची महिनाभराची गोळी जादा ठेवल्याशिवाय मी प्रवेशाच्या फॉर्मवर सही करत नाही.

कोरोनानंतर आलेली मुलं आणखी वेगळी. २०२० च्या मार्चमध्ये जी पहिली-दुसरीत होती ती आता बारा-तेरा वर्षांची आहेत. त्यांच्यातली अक्षम कोण आणि फक्त राहून गेलेली कोण, हे ओळखणं फार कठीण झालं आहे. मी त्यांचा प्रवेश लांबवत राहते. आधी सहा महिने रोज दुपारी येऊ द्या, म्हणते. त्यातली बरीच मुलं सहा महिन्यांत वाचायला लागतात आणि आपल्या शाळेत परत जातात.

अठरा पूर्ण झाली की आमची शाळा संपते. राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे कायदेशीर पालकत्व घ्या, असं मी सोळाव्या वर्षापासून आईबापांच्या मागे लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिथं अर्ज करायचा. फार थोडे जातात. “आमी हाय की,” म्हणतात. आपण नसू तेव्हाचा अर्ज आपण असताना करायचा असतो, हे आईबापाला तोंडावर सांगणं मला अजून नीट जमलेलं नाही.

शाळेच्या पाटीवरचा एक शब्द बदलावा म्हणून मी संस्थेकडे किती वर्षं अर्ज करते आहे. गाडीवरही तोच शब्द आहे. रोज ये-जा करणाऱ्या मुलांना घ्यायला सकाळी गाडी गल्लीत आली की पालक म्हणतात, “कोपऱ्यावर थांबवा, दारात नको.” कागदोपत्री दिव्यांग आलं, पाट्या रंगवायच्या राहिल्या. गेल्या दिवाळीत मुलांनी मिळून गाडी धुतली, आणि एका मुलानं तो शब्द इतका घासला, इतका घासला, की त्यातलं एक अक्षर निघालं. मी ते परत रंगवून घेतलेलं नाही.

या जूनमध्ये आलेला मुलगा पंधरा वर्षांचा आहे. नववीतून दाखला घेऊन आलेला. वडील फाटकाबाहेर गाडीवर. तो आत आलाच नाही. फाटकाच्या आतल्या चिंचेखाली बसला, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. मावशी डबा तिथंच नेऊन देतात. कान तपासून झाले, चांगले आहेत. डोळे चांगले आहेत. हजेरीपटावर त्याचं नाव मी पेन्सिलीनं लिहिलं आहे.

काल तिसरा आठवडा संपला. दुपारी टाकीची मोटर जळाल्याचा वास आला आणि सगळे तिकडं धावले. मी परत आले तर तो चिंचेखालून उठून टाकीपाशी उभा होता, पॅनेलचं झाकण हातात.

“कॅपॅसिटर गेलाय,” म्हणाला. “वाठारला मिळंल. पैसं द्या आन् कुणाला तरी गाडी घिऊन पाठवा माझ्याबरूबर.”

मी कपाटातून दोनशे रुपये काढले आणि फाटकाकडे पाहिलं. त्याचे वडील बाहेर गाडीवर होते, त्याला न्यायला आलेले.